यीस्टचे ग्लुकान : एका नावाची चिकित्सा

रसायनशास्त्रात पदार्थाला नाव देणे हे काम वरवर निरुपद्रवी दिसते. पण नाव एकदा रूढ झाले म्हणजे त्या नावाचा एकच पदार्थ अस्तित्वात आहे, अशी समजूत त्याच्यामागून आपोआप येते. यीस्टच्या कोशिकाभित्तीतील बहुशर्करांच्या संरचनेविषयी जे लेखन गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत झाले, त्याची चिकित्सा करू जाता हा दोष पुनःपुन्हा नजरेस येतो. पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा असा सांगितला जातो, की प्रथम एकाने चुकीची संरचना मांडली, नंतर दुसऱ्याने ती दुरुस्त केली आणि अखेरीस १९७३ साली खरी संरचना हाती आली. हे कथन सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्यांनी परस्परविरोधी संरचना मांडल्या ते सर्व कुशल प्रयोगकर्ते होते आणि त्यांच्या मोजमापांत ढोबळ चुका फारशा नव्हत्या. वाद मोजमापांचा नव्हता; ज्याचे मोजमाप केले जात होते तो पदार्थ एक होता की अनेक, याचा होता. आणि हा प्रश्न दीर्घकाळ कोणी नीट विचारलाच नाही.

पावाच्या कारखान्यात वापरले जाणारे यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी, हा या अभ्यासाचा मुख्य विषय. त्याची भित्ती कोशिकेच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ ते ३० टक्के असते. तिच्यात ग्लुकोजची बनलेली ग्लुकाने, प्रथिनाला जोडलेले मॅनोजचे मॅनान आणि एक-दोन टक्के कायटिन असते. झाल्कोव्हस्की याने १८९४ मध्ये यीस्ट अल्कलीत उकळून जे विरघळले त्याचा फेलिंगच्या विद्रावाने साका पाडला व त्यास यीस्टचा गोंद म्हटले. जे विरघळले नाही त्यास त्याने एक प्रकारचे सेल्युलोज मानले. आयोडिनाने तांबडा रंग देणारे एक आणि न देणारे दुसरे असे या सेल्युलोजाचेही त्याने दोन भाग केले होते. आज मागे वळून पाहता तांबड्या रंगाचे कारण उघड आहे: भित्तीत अडकून राहिलेले ग्लायकोजेन. म्हणजे अविद्राव्य गाळ हा एकजिनसी नाही, याची पहिली खूण अगदी आरंभीच मिळाली होती. तिच्याकडे पुढच्या पिढीने अशुद्धी म्हणून पाहिले. ग्लायकोजेनाच्या बाबतीत ते योग्यच होते. परंतु गाळातून ग्लायकोजेन काढले की उरलेले सर्व शुद्ध, हे अनुमान त्यातून निघत नव्हते.

हंगेरीत त्सेखमाइस्टर व टोथ यांनी १९३४ मध्ये, आणि बर्कली येथे हॅसिड, जोसलिन व मॅकरेडी यांनी १९४१ मध्ये या अविद्राव्य ग्लुकानाचे मेथिलीकरण केले. ही रीत ज्यांनी प्रयोगशाळेत हाताळली आहे त्यांना तिचे तत्त्व सांगावयास नको. तरी पुढील विवेचनासाठी ते थोडक्यात मांडणे इष्ट होईल. बहुशर्करेतील सर्व मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांना मेथिल गटांनी झाकावयाचे आणि नंतर अम्लाने साखळी तोडावयाची. जेथे मेथिल नाही तेथे पूर्वी बंध होता, असे समजावयाचे. साखळीच्या टोकाच्या ग्लुकोजावर चार मेथिल बसतात, मधल्यावर तीन, शाखाबिंदूवर दोन. या दोन्ही गटांना मुख्यतः २,४,६-ट्रायमेथिल ग्लुकोज मिळाले. त्यावरून ग्लुकोजाचे घटक पहिल्या व तिसऱ्या कार्बनांतून जोडलेले आहेत, हे सिद्ध झाले. सेल्युलोजात बंध पहिल्या व चौथ्या कार्बनांत असतो. तेव्हा झाल्कोव्हस्कीचे सेल्युलोज हे सेल्युलोज नव्हते, एवढे यातून निश्चित झाले. हा निष्कर्ष आजही जसाच्या तसा उभा आहे.

खरी अडचण पुढे सुरू होते. केंब्रिज येथे बेल व नॉर्थकोट यांनी १९५० मध्ये ग्लुकानाच्या शुद्धीकडे पूर्वीच्या कोणाहीपेक्षा अधिक लक्ष पुरविले, आणि ते या निष्कर्षाप्रत आले की रेणू बहुशाखी आहे. बीटा-१,३ बंधांच्या आखूड साखळ्या, प्रत्येक सरासरी नऊ घटकांची, दुसऱ्या कार्बनावरील बंधांनी एकमेकींस जोडलेल्या आहेत. आठ वर्षांनी वेल्समधील बँगोर येथे पीट, व्हेलन व एडवर्ड्‌स यांनी निराळी वाट धरली. त्यांनी ग्लुकानाचे अम्लाने अर्धवट विच्छेदन केले आणि निघालेले लहान तुकडे वेगळे करून ओळखले. तुकड्यांत लॅमिनारिबायोज होता, म्हणजे १,३ बंध. पण त्याबरोबर जेंशिओबायोजही होता, म्हणजे १,६ बंध. १,२ बंधाचा पत्ता नव्हता. त्यांनी रेणूस शाखाहीन ठरविले: एका सरळ साखळीत काही अंतर १,३ बंधांचे व काही अंतर १,६ बंधांचे. पुढे १९६८ मध्ये मिसाकी, स्मिथ आदी मंडळींनी मिनेसोटातील कामावरून तिसरेच चित्र काढले. त्यात कणा १,६ बंधांचा आणि त्यावर १,३ बंधांच्या शाखा.

या तीन चित्रांकडे निःपक्षपाती दृष्टीने पाहिले असता काय आढळते? पहिल्यात शाखा भरपूर, दुसऱ्यात मुळीच नाहीत, तिसऱ्यात पहिल्याचा कणा शाखेच्या जागी गेला आहे. एकाच पदार्थाविषयी एवढा विरोध संभवत नाही. मग दोष प्रयोगांच्या हातात की विचारात?

हातातील दोषाचा संभव बेल व नॉर्थकोट यांच्या बाबतीत काही अंशी मान्य करावा लागतो. मेथिलीकरण अपुरे राहिले तर जेथे मेथिल बसावयास हवा होता तेथे तो बसत नाही, आणि विश्लेषकास तेथे शाखा दिसते. अविद्राव्य, गच्च बांधणीच्या बहुशर्करेत ही भीती सर्वांत मोठी असते. दुसऱ्या कार्बनावरील शाखा नंतरच्या कोणालाही सापडल्या नाहीत; तेव्हा तो निष्कर्ष सोडून द्यावा हे रास्तच. परंतु त्यांच्या कामातील महत्त्वाचा भाग शाखेच्या जागेचा नसून शाखा आहेत हा होता. पीट यांच्या गटाने जागेबरोबर शाखाही नाकारल्या, आणि तेथे ते आपल्या पुराव्याच्या पलीकडे गेले. तुकड्यांच्या रीतीने शेजार कळतो: अमुक ग्लुकोजच्या शेजारी अमुक बंधाने अमुक ग्लुकोज आहे. तो शेजार सबंध रेणूत कोठे आणि किती वेळा आहे, हे तिच्याने कळत नाही. पुस्तक फाडून त्याचे कपटे वाचणाऱ्यास शब्द ओळखता येतात. ते एकाच पुस्तकाचे कपटे आहेत की दोन पुस्तकांचे, हे कपट्यांवरून सांगता येत नाही. तुकड्यांत दोन्ही बंध एकत्र असलेली त्रिशर्करा मिळाली, तरी तिने इतकेच ठरते की कोणत्या तरी एका रेणूत दोन्ही बंध आहेत.

शिवाय या रीतीचा आपला असा एक पक्षपात आहे. अम्लापुढे बीटा-१,३ बंधापेक्षा बीटा-१,६ बंध अधिक टिकाव धरतो. म्हणून विच्छेदन जसजसे पुढे जाते तसतसे १,६ बंधांचे तुकडे विद्रावात त्यांच्या मूळ प्रमाणापेक्षा ठळक होत जातात. तीव्र अम्लात सुट्या झालेल्या ग्लुकोजाचे घटक पुन्हा एकमेकांस जोडले जाण्याचीही शक्यता असते, आणि अशा पुनर्जोडणीत १,६ बंधच प्राधान्याने बनतो. पीट हे या धोक्याशी परिचित होते. तरीही वाचकाने जेंशिओबायोजच्या प्रमाणावरून ग्लुकानातील बंधांचे प्रमाण काढू नये, एवढी सावधगिरी या रीतीत सदैव बाळगावी लागते.

परआयोडेटच्या रीतीतील गोम याहून सूक्ष्म आहे व तिची चर्चा अधिक विस्ताराने करणे योग्य होईल. परआयोडेट हे शेजारी शेजारी असलेल्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांमधील कार्बन-कार्बन बंध तोडते. १,३ बंधाने साखळीत बसलेल्या ग्लुकोजाला असे शेजारी गट उरत नाहीत. तो शाबूत राहतो. टोकाच्या ग्लुकोजाला मात्र दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या कार्बनांवर सलग तीन गट असतात. तो दोन रेणू परआयोडेट खातो व फॉर्मिक अम्लाचा एक रेणू सोडतो. म्हणून १,३ ग्लुकानात फॉर्मिक अम्ल मोजले म्हणजे टोके मोजली, असे समजण्याचा प्रघात पडला. पण १,६ बंधाने साखळीच्या मध्यावर बसलेल्या ग्लुकोजालाही नेमके तेच तीन गट मोकळे असतात आणि तोही एक रेणू फॉर्मिक अम्ल सोडतो. परआयोडेटच्या दृष्टीने टोक आणि १,६ बंधाचा मध्य यांत फरक नाही. ही रीत एकटी वापरल्यास १,६ बंध हे शाखांच्या रूपात वेष पालटून पुढे येतात.

या वेषांतराचा परिणाम किती मोठा होऊ शकतो, हे आज हाती असलेल्या आकड्यांवरून ताडता येते. हेरिअट-वॉट विद्यापीठातील मॅनर्स, मॅसन व पॅटरसन यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले, की अल्कलीत न विरघळणाऱ्या ग्लुकानात दोन निराळे पदार्थ आहेत. सुमारे ८५ टक्के भाग बीटा-१,३ ग्लुकानाचा. त्याचा रेणुभार सुमारे २,४०,०००, म्हणजे सुमारे १,५०० घटक, आणि त्यात साखळीस साखळी जोडणारे १,६ बंध अवघे ३ टक्के. उरलेला भाग सुमारे १३० ते १४० घटकांच्या बहुशाखी बीटा-१,६ ग्लुकानाचा. आता असे मिश्रण एकच पदार्थ मानून परआयोडेटने तपासले तर काय होईल? शंभर घटकांमागे मुख्य ग्लुकानातील शाखांची टोके अडीच येतील. समजा, दुय्यम ग्लुकानाच्या १५ घटकांपैकी १० फॉर्मिक अम्ल देतात. मग एकूण साडेबारा. म्हणजे दर आठ घटकांमागे एक टोक, आणि विश्लेषक लिहील की सरासरी साखळी आठ घटकांची आहे. मुख्य ग्लुकानातील खरी सरासरी मात्र तेहतीसच्या आसपास पडते. मोजमाप अचूक, हिशेब बिनचूक, आणि उत्तर अशा रेणूचे की जो यीस्टमध्ये कोठेही नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. दुय्यम ग्लुकान वजनाने सुमारे १५ टक्के असले तरी त्याचे रेणू लहान आहेत. ८५ ला १,५०० ने भागावे व १५ ला १४० ने. रेणूंची संख्या लहान ग्लुकानाची जवळजवळ दुप्पट येते. ज्याला तराजूने दुय्यम ठरविले ते गणतीने प्रमुख आहे. दोहोंची मिळून सरासरी घटकसंख्या काढली तर ती सुमारे ६१० येते. ती ना एकाची, ना दुसऱ्याची. भित्तीतील प्रथिने आणि कायटिन ज्याच्या टोकांना व शाखांना बांधली जातात त्या रेणूच्या बाबतीत वजनापेक्षा संख्येला अधिक अर्थ आहे, हे पुढे दिसून येईल.

मॅनर्स यांच्या गटाचे यश कशात होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. त्यांच्यापाशी असे कोणतेही साधन नव्हते की जे १९५० मध्ये अज्ञात होते. मेथिलीकरण, परआयोडेट, अर्धवट विच्छेदन ही सारी जुनीच. भर पडली ती विलगीकरणात. अविद्राव्य ग्लुकान सौम्य ॲसिटिक अम्लात तापवून वारंवार निष्कर्षण केले असता त्यातून काहीतरी हळूहळू बाहेर येत राहते. ते ग्लायकोजेन आहे असे समजून पूर्वी सोडून दिले जाई. त्यातील ग्लायकोजेन ॲमिलेजने पचवून टाकल्यावरही जे उरले, ते १,६ ग्लुकान होते. ॲबर्डीन येथील मॅकॉले संस्थेत बेकन व त्यांचे सहकारी १९६९ मध्ये जवळजवळ याच ठिकाणी पोचले होते, आणि मॅनर्स व मॅसन यांची दोन ग्लुकानांची पहिली घोषणाही त्याच वर्षाची. म्हणजे ज्या धुवणात उत्तर होते तेच धुवण वीस वर्षे मोरीत ओतले जात होते. ग्लायकोजेनपासून पिच्छा सोडविण्यासाठी ज्यांनी हे निष्कर्षण अत्यंत कसोशीने केले, त्यांनी १,६ ग्लुकान अधिक गमावले. ज्यांनी ते आळसाने केले, त्यांच्याकडे ते अधिक राहिले. तीन गटांच्या तीन संरचनांतील विरोधाचा बराचसा भाग येथे उलगडतो. प्रत्येकाने निराळ्या प्रमाणाचे मिश्रण तपासले होते.

मॅनानाच्या इतिहासाला याच कसोटीवर घासले असता निराळे चित्र दिसते. हॉवर्थ, हर्स्ट व इशरवुड यांनी १९३७ मध्ये मॅनानाच्या मेथिलीकरणातून टोके, मधले घटक व शाखाबिंदू अशी सगळी जात मिळविली, आणि त्यावरून एक पुनरावृत्त होणारा लहान घटक कल्पिला. पुनरावृत्त घटक ही सेल्युलोजाच्या अभ्यासातून आलेली सवय; यीस्टच्या मॅनानात ती लागू पडत नव्हती. पुढे पीट, टर्व्ही व डॉयल यांनी १९६१ मध्ये आल्फा-१,६ बंधांचा कणा दाखविला. पण निर्णायक पाऊल टाकले ते बर्कलीच्या बॅलू यांनी, आणि तेही एका जुन्या अभिक्रियेच्या स्वभावाचा उपयोग करून घेऊन. ॲसिटोलिसिसमध्ये, म्हणजे ॲसिटिक ॲनहायड्राइड, ॲसिटिक अम्ल व थोडे सल्फ्युरिक अम्ल यांच्या मिश्रणात, १,६ बंध इतरांपेक्षा लवकर तुटतो. साध्या अम्लात नेमके उलट होते. म्हणून मॅनान ॲसिटोलिसिसला लावले म्हणजे कणा गळून पडतो आणि बाजूच्या शाखा अखंड बाहेर येतात. सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसीच्या मॅनानातून मॅनोज, द्विशर्करा, त्रिशर्करा व चतुःशर्करा मिळाल्या. शाखांत १,२ बंध, आणि सर्वांत लांब शाखेच्या टोकाला १,३ बंधाने जोडलेले मॅनोज. पुढे एका आर्थ्रोबॅक्टर जिवाणूचे आल्फा-मॅनोसिडेज शाखा खाऊन कणा तेवढा शिल्लक ठेवते, असे आढळले. ज्या दोन रीती परस्परांहून अगदी भिन्न तत्त्वांवर उभ्या आहेत त्या एकाच उत्तराकडे येतात, तेव्हा त्या उत्तरावर विसंबावे.

बॅलू यांनी येथे न थांबता रसायनशास्त्राच्या बाहेरचा साक्षीदार आणला. १९७३ पासून त्यांच्या प्रयोगशाळेने मॅनान बिघडलेले उत्परिवर्तित वाण वेगळे केले. एमएनएन-१ या वाणात शाखांच्या टोकाचे १,३ बंधाचे मॅनोज नसते. एमएनएन-२ मध्ये शाखाच नसतात, कणा उघडा असतो. सशाच्या रक्तात यीस्टविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड हे टोकाचे मॅनोज ओळखतात. त्यामुळे कोणत्या वाणात ते गेले, हे रसायनाला हात न लावताही कळू शकत होते. एका जनुकाचा बिघाड आणि एका बंधाचा अभाव यांची अशी जोडी जुळली म्हणजे तो बंध निष्कर्षणाच्या भांड्यात जन्मलेला नाही, याबद्दल शंका राहत नाही. ग्लुकानाच्या वादाला अशा साक्षीदाराची उणीव होती.

तरीही मॅनान हे नावसुद्धा निर्दोष नाही. उकळत्या अल्कलीने जे काढले जाते ते मॅनोजच्या साखळ्यांचे अवशेष होत. भित्तीत ते प्रथिनाला जोडलेले असतात. फाल्कोने व निकर्सन यांनी १९५६ मध्ये भित्तीतून मॅनान-प्रथिन वेगळे करून दाखविले होते. लांब शाखायुक्त साखळ्या ॲस्पॅराजिनवर बसतात, तर एक ते चार-पाच मॅनोजच्या आखूड साखळ्या सेरीन व थ्रिओनीनवर. या दुसऱ्या प्रकारचा बंध सौम्य अल्कलीने तुटतो. म्हणजे झाल्कोव्हस्कीने गोंद मिळविताना जे द्रव्य वापरले, त्यानेच त्या गोंदाची प्रथिनाशी असलेली ओळख पुसून टाकली. जो पदार्थ भित्तीत आहे तो मॅनोप्रथिन. मॅनान हे त्या मॅनोप्रथिनावर अल्कलीने केलेल्या क्रियेचे नाव.

हाच आक्षेप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांनाही लावावा लागतो. हाउविंक व क्रेगर यांनी १९५३ मध्ये अम्लात उकळलेल्या भित्तीत स्पष्ट तंतू पाहिले व क्ष-किरणांनी त्यांची स्फटिकमय रचना नोंदविली. हे तंतू बऱ्याच अंशी उकळण्याने घडलेले होते, असे त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणांवरून दिसत होते. त्यांनी त्या पदार्थाला हायड्रोग्लुकान असे वेगळे नाव दिले, ही त्यांची सचोटी. ग्लुकानाचा स्वाभाविक तंतू पाहावयाचा तर भित्ती काढून टाकलेली उघडी कोशिका पुन्हा भित्ती विणू लागते तेव्हा पाहावा लागतो. क्रेगर व कोपेका यांनी १९७६ मध्ये नेमके ते केले.

मॅनर्स यांच्या १९७३ च्या चित्राला आता याच कसोटीवर ताडून पाहिले पाहिजे. त्यांना यातून सूट देणे योग्य होणार नाही. त्यांनी दोन ग्लुकाने वेगळी केली. पण भित्तीत ती वेगळी होती काय? बेथेस्डा येथे काबिब, कोलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ व १९९७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांनी अम्ल आणि अल्कली यांचा मुख्य आधार सोडून निवडक एंझाइमांनी भित्ती अंशतः पचविली आणि जोडांचे तुकडे शोधले. कायटिनचे एक टोक १,३ ग्लुकानाच्या टोकाला बंधाने जोडलेले आढळले. मॅनोप्रथिन त्याच्या मेदयुक्त नांगराच्या उरलेल्या अंशाद्वारे १,६ ग्लुकानाला, आणि १,६ ग्लुकान १,३ ग्लुकानाला जोडलेले आढळले. काही कायटिन १,६ ग्लुकानावरच आधारलेले. ज्याला दुय्यम म्हटले होते तो सर्वांना एकत्र बांधणारा दुवा निघाला. रेणुसंख्येचा वर केलेला हिशेब येथे आठवावा: बांधणीच्या कामाला खिळे लागतात, आणि खिळ्यांचे महत्त्व वजनाने ठरत नाही.

येथे एक मोह उत्पन्न होतो. दोन्ही ग्लुकाने अखेर बंधाने जोडलेलीच आहेत, तर पीट यांचे एकाच रेणूचे चित्र बरोबर होते काय, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येणार नाही. पीट यांच्या चित्रात १,३ व १,६ बंध एका सरळ साखळीत क्रमाने येत होते. काबिब यांच्या चित्रात दोन स्वतंत्रपणे घडलेले, निरनिराळ्या शाखांचे रेणू नंतर एका जागी जुळविलेले आहेत. हा भेद शब्दांचा नाही. त्याची साक्ष पेशी स्वतः देते. के-१ या मारक प्रथिनाला दाद न देणारे यीस्टचे उत्परिवर्तित वाण बसी यांच्या गटाने अभ्यासले. त्यांच्यात १,६ ग्लुकान घटलेले असते, कारण ते प्रथिन कोशिकेवर उतरताना १,६ ग्लुकानालाच धरते. उलट १,३ ग्लुकान घडविणाऱ्या एंझाइमाच्या उपघटकाचे जनुक, एफकेएस-१, १९९४ मध्ये निराळेच सापडले. त्याच एंझाइमाला रोखणारे कॅस्पोफंगिन २००१ मध्ये अमेरिकेत बुरशीजन्य रोगांवरील औषध म्हणून मान्य झाले. रोग्याच्या रक्तात मनुष्याच्या पेशींना धक्का न लावता बुरशीची भित्ती ढासळविणारे हे औषध एका बंधाच्या घडणीवर नेमके आघात करते. पन्नासच्या दशकातील सरासरी ग्लुकान हे वास्तव असते, तर असे वेगळेपण शक्य झाले नसते.

आता केवळ एका शब्दाचा निकाल लावणे उरते, आणि तो शब्द म्हणजे अल्कली-अविद्राव्य. मॅनर्स यांच्यासह सर्वांनी ग्लुकानाचे वर्गीकरण याच गुणावर उभारले. फ्लीट व मॅनर्स यांनी १९७६ मध्ये अल्कलीत विरघळणारे ग्लुकानही भित्तीतून काढून अभ्यासले, तेव्हा ते अविद्राव्याहून संरचनेने कसे निराळे, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. मोल व वेसेल्स यांनी १९८७ मध्ये तो एका सोप्या प्रयोगाने निकालात काढला. त्यांनी अविद्राव्य ग्लुकानावर कायटिनेज हे एंझाइम टाकले. ग्लुकानाच्या एकाही बंधाला ते स्पर्श करीत नाही. भित्तीतील एक-दोन टक्के कायटिन तेवढे खाते. कायटिन गेल्यावर ते अविद्राव्य ग्लुकान अल्कलीत विरघळू लागले. सत्तर-ऐंशी वर्षे ज्या गुणावरून ग्लुकानाची जात ठरविली जात होती तो गुण ग्लुकानाचा नव्हता. त्याच्याशी जोडलेल्या कायटिनच्या थोड्याशा अंशाचा होता. यानंतरही यीस्टच्या ग्लुकानाविषयी लिहिताना नमुना कोणत्या यीस्टचा, वाढीच्या कोणत्या अवस्थेतील आणि कोणत्या क्रमाने कोणत्या द्रव्यांनी धुतलेला, हे निबंधाच्या तळटिपेत टाकण्याची पद्धत काही ठिकाणी चालू आहे. ती माहिती शीर्षकात असावयास हवी.